अपस्मारावरील ब्राह्मी कोणती?

अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, आयुर्वेदाच्या ग्रंथांत ज्या वनस्पती सांगितल्या आहेत त्यांत ब्राह्मीचें नांव प्रमुख आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील १० व्या अध्यायांत ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ व शंखपुष्पी यांनीं जुनें तूप सिद्ध करून उन्माद व अपस्मार यांवर योजण्यास सांगितलें आहे. पाठ सुबोध आहे. परंतु ही ब्राह्मी कोणती, हा प्रश्न उरतोच.

ब्राह्मी या नांवानें सांप्रत दोन वनस्पती ओळखल्या जातात. एक करिवणा : ओलसर जागीं पसरणारी, लांब देठाची, वाटोळ्या पानांची. दुसरी जलब्राह्मी : पाण्याच्या कडेस वाढणारी, बारीक मांसल पानांची, चवीनें कडू. दोहोंचीं कुलें भिन्न. पहिलींत एशियाटिकोसाइड, तर दुसरींत बॅकोसाइड हीं द्रव्यें सांपडतात.

संहिताकारांच्या दृष्टीनेंही हीं नांवें दोन होतीं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत २८ व्या अध्यायांत मंडूकपर्णी व ब्राह्मी यांच्या स्वरसांचे विधि वेगवेगळे दिले आहेत. चरकानेंही रसायनप्रकरणांत मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला असून अपस्मारावरील वरील घृतांत मात्र ब्राह्मी घेतली आहे. पुढें १६ व्या शतकांतील भावप्रकाशांत मंडूकपर्णीचे गुण ब्राह्मीसारखेच म्हटले आहेत. गुणसाम्य म्हणजे द्रव्यैक्य नव्हे. तथापि एकीच्या जागीं दुसरी घेण्यास अशा वचनाचा आधार सहज मिळतो. करिवण्याच्या वाटोळ्या पानास मंडूकपर्णी हें नांव शोभतें. म्हणून चरकाची ब्राह्मी ती जलब्राह्मी, असें मानणें मला सयुक्तिक वाटतें.

त्याच घृतांतील शंखपुष्पीचीही हीच स्थिति आहे. कोठें विष्णुक्रांता, तर कोठें गोकर्ण या नांवाखालीं घेतात.

ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें आहेत त्यांस विनंति, कीं सूचि करतांना ‘ब्राह्मी’ या शब्दापुढें आपल्या समजुतीचें शास्त्रीय नांव घालूं नये. मूळ पाठ, समासांत लिहिलेलें देशी नांव, लेखनस्थल व शक हीं जशींच्या तशीं नोंदावीं. समासांतील ‘करिवणा’ हा एक शब्द त्या प्रांतांतील वैद्य काय देत असे, याचा पुरावा ठरेल; सूचिकारानें तो गाळल्यास तो पुरावा नष्ट होईल. रोग्यास कोणती वनस्पति दिली हें ठरल्यावांचून तिच्या गुणाविषयीं जुन्या ग्रंथांची साक्ष काढणें व्यर्थ होय.