टोचणी आणि आईबाप : बॉस्टन नगरातील १७२१ चा वाद

देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० च्या मे महिन्यात जाहीर झाले, आणि त्याबरोबर त्या रोगाविषयीचे वादही इतिहासजमा झाले. एक प्रश्न मात्र मागे राहिला. मूल धडधाकट असता त्याच्या अंगात आपल्या संमतीने काही टोचू द्यावे काय, हा तो प्रश्न होय. गोवर, घटसर्प, पोलिओ यांच्या लशींच्या निमित्ताने तो अजूनही पाळकाच्या दारी येतो. आणि एकाच घरात बापाचे एक मत व आईचे दुसरे, शिवाय दोघेही प्रार्थनाशील, अशी गाठ पडली म्हणजे उपदेशकाची मोठी पंचाईत होते. ख्रिस्ती मंडळीत या प्रश्नावर फार पूर्वी एक कडाक्याची झुंज झाली. तिची हकीगत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने गोस्तनदेवीची लस १७९६ मध्ये प्रथम टोचली. त्यापूर्वीची रीत निराळी व अधिक धोक्याची होती. देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील पू घेऊन तोच निरोगी माणसाच्या कातडीतील लहानशा छेदात घालीत. त्याला खरोखरीच्या देवी येत, पण बहुधा सौम्य. आणि त्यातून उठला म्हणजे जन्मभर पुन्हा त्या रोगाचे भय नसे. तिला आम्ही या लेखात ‘टोचणी’ म्हणू. तीत क्वचित माणूस दगावे. आणि टोचलेला मनुष्य खाटेवर असेतो त्याच्यापासून शेजाऱ्यास अस्सल देवी येऊ शकत. ही दुसरी गोष्ट वाचकांनी विसरू नये, कारण टोचणीच्या कैवाऱ्यांना तिचा वारंवार विसर पडला.

अमेरिकेतील बॉस्टन हे त्या वेळी सुमारे अकरा हजार वस्तीचे, प्यूरिटन पंथीयांचे नगर होते. १७२१ च्या एप्रिलात वेस्ट इंडीज बेटांकडून आलेल्या ‘सीहॉर्स’ नावाच्या जहाजाबरोबर तेथे देवी आल्या. याआधीची मोठी साथ १७०२ ची. म्हणजे त्यानंतर जन्मलेले प्रत्येक मूल रोगाच्या तोंडी होते. गावात कॉटन मॅदर नावाचे विद्वान पाळक होते. १७०६ मध्ये त्यांच्या मंडळीने त्यांना एक आफ्रिकन गुलाम भेट दिला आणि मॅदर यांनी त्याचे नाव फिलेमोनास लिहिलेल्या पत्रावरून अनेसिम असे ठेवले. (त्या पत्राचा तात्पर्यार्थ ध्यानात न घेता त्यातील नाव तेवढे घेण्याची ही तऱ्हा काही बॉस्टनपुरती मर्यादित नव्हती.) तुला देवी येऊन गेल्या काय, असे मॅदर यांनी विचारता अनेसिमाने आपल्या हातावरील वण दाखविला आणि त्याच्या देशात टोचणी कशी करतात ते सांगितले. पुढे तुर्कस्थानातील टोचणीविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत आलेले वृत्तांत मॅदर यांच्या वाचनात आले, तेव्हा गुलामाची साक्ष आणि पंडितांची साक्ष एकमेकींशी जुळली.

साथ पसरताच १७२१ च्या जूनमध्ये त्यांनी गावातील वैद्यांना पत्र लिहून हा उपाय करून पाहण्याची विनंती केली. एकट्या झॅब्डिएल बॉइल्स्टन यांनी ती मानली. त्यांना स्वतःला पूर्वीच देवी येऊन गेल्या असल्यामुळे स्वतःवर प्रयोग करणे शक्य नव्हते. म्हणून २६ जून रोजी त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या थॉमस नावाच्या मुलास टोचले. त्याच दिवशी आपला गुलाम जॅक आणि त्याचा अडीच वर्षांचा मुलगा यांनाही टोचले. तिघेही वाचले. बॉइल्स्टन यांच्या धैर्याची प्रशंसा पुष्कळांनी केली आहे व ती यथार्थ आहे; पण त्या दिवशी दोन बापांची मुले पणास लागली होती आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांपैकी एकासच होता, हेही नमूद केल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही.

गावात गदारोळ उडाला. आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट ही की, टोचणीच्या बाजूस पाळक होते आणि विरोधाचे अग्रणीपण वैद्यकाकडे होते. विल्यम डग्लस हे त्या गावातील विश्वविद्यालयाची वैद्यकीय पदवी असलेले एकमेव वैद्य. मॅदर यांनी वाचलेली ती पत्रिका त्यांच्याकडूनच उसनी आणलेली होती. त्यांचे म्हणणे असे की, पुरेशा अनुभवावाचून, परदेशी ऐकीव माहितीवर विसंबून निरोगी मुलांना रोगी करणे अविचाराचे आहे आणि त्यामुळे साथ अधिकच पसरेल. नगरसभेच्या पंचांनी बॉइल्स्टन यांना जुलैत बोलावून मनाई केली. तेव्हा कॉटन मॅदर, त्यांचे वृद्ध वडील इंक्रीज मॅदर, बेंजामिन कोलमन इत्यादी सहा पाळकांनी वर्तमानपत्रात पत्र प्रसिद्ध करून बॉइल्स्टन यांची पाठराखण केली.

आता आईबापांच्या मनात काय चालले होते ते पाहू, कारण आमच्या मते या प्रकरणाचे खरे मर्म तेथे आहे. विरोध करणारे अज्ञानी किंवा निष्काळजी होते असे समजणे चूक ठरेल. रोग परमेश्वराच्या हातून येतो. तो आला तर आपण पश्चात्ताप व प्रार्थना करू, पण त्याने धाडण्यापूर्वीच तो ओढवून घेणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय, असे ते म्हणत. निरोग्यास वैद्याची गरज नसते या प्रभूच्या वचनाचा आधार ते देत. मनुष्यहत्येचा निषेध करणारी आज्ञा तर दोन्ही पक्षांनी पुढे केली : टोचणीने मूल मेले तर बाप खुनी, असे एक म्हणे, उपाय हाती असता तो न केल्याने मूल मेले तर बाप खुनी, असे दुसरा म्हणे. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये एडमंड मॅसी या पाळकाने ईयोबाच्या गळवांवर उपदेश करून पहिली टोचणी सैतानाने केली असे प्रतिपादन केले. शास्त्रवचनाची अशी ओढाताण आमच्या वाचकांनी इतरत्रही पाहिली असेल.

खुद्द मॅदर यांचे घर या द्वंद्वापासून मुक्त नव्हते. १७१३ च्या नोव्हेंबरात गोवराच्या साथीत त्यांची पत्नी, नवजात जुळी अपत्ये आणि एक लहान मुलगी अवघ्या काही दिवसांत गेली होती. एकंदर पंधरा मुलांपैकी त्यांच्या मागे दोघेच उरले. १७२१ मध्ये त्यांचा मुलगा सॅम्युएल हार्वर्डमध्ये शिकत होता. त्याच्या खोलीतील सोबती देवीने मेला, तेव्हा मुलानेच टोचून घेण्याचा आग्रह धरला. आणि हा उपाय सगळ्या गावास सांगणारा बाप स्वतःच्या मुलाच्या बाबतीत अडखळला. मुलगा साथीने गेला तर देवापुढे कोणते तोंड दाखवावे, आणि टोचल्यास खवळलेले लोक आपल्या सेवाकार्यास काय म्हणतील, हा पेच त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदविला आहे. शेवटी वृद्ध आजोबांच्या सल्ल्याने ऑगस्टमध्ये टोचणी गुपचूप झाली. मुलास जबर ताप भरला, काही दिवस आशा सुटली, पण तो वाचला.

आमच्या मते मॅदर येथे आपल्या श्रोत्यांच्या अगदी जवळ आले होते. जी भीती त्यांच्या दिवाणखान्यात होती तीच गावातील प्रत्येक झोपडीत होती. ती त्यांनी व्यासपीठावरून बोलून दाखविली असती तर कदाचित पुष्कळांची मने मोकळी झाली असती. त्याऐवजी विरोधकांच्या ठायी सैतानाचा संचार झाला आहे असे ते मानू लागले. १६९२ च्या सेलम येथील चेटुकांच्या खटल्यांच्या वेळी त्यांनी न्यायाधीशांचा कैवार घेतला होता, ही गोष्टही लोकांच्या स्मरणातून गेली नसावी. नोव्हेंबर १७२१ मध्ये एका पहाटे कोणीतरी त्यांच्या घराच्या खिडकीतून पेटता हातबाँब फेकला. त्या खोलीत त्यांचा नुकताच टोचलेला पाळक भाचा निजला होता. बाँबची वात खिडकीवर आपटून गळून पडली, म्हणून अनर्थ टळला.

साथ ओसरल्यावर हिशेब झाला. आपोआप देवी आलेल्या ५,८८९ जणांपैकी ८४४ मेले, म्हणजे सातांत एक. टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी सहा मेले, म्हणजे चाळिसांत एक. आकड्यांचा असा ताळा मांडून वैद्यकीय वाद सोडविण्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. पण ते सहा लोकांच्या दृष्टीसमोर राहिले. आणि हे भय पोकळही नव्हते : प्रसिद्ध ईश्वरविद्यावेत्ते जोनाथन एडवर्ड्स प्रिन्स्टनच्या विद्यालयाचे अध्यक्ष होताच, इतरांस उदाहरण म्हणून की काय, १७५८ च्या फेब्रुवारीत टोचून घेते झाले आणि मार्चमध्ये त्यातच वारले.

या वादात विरोधी बाजूने लिहिणारे एक वर्तमानपत्र जेम्स फ्रँक्लिन काढीत असे. त्याच्या छापखान्यात त्याचा धाकटा भाऊ बेंजामिन उमेदवारी करीत होता. पुढे बेंजामिन फ्रँक्लिन टोचणीचा पुरस्कर्ता झाला. पण १७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा फ्रान्सिस हा मुलगा देवीने गेला. मुलास हगवण लागली होती म्हणून टोचणी पुढे ढकलली होती. मूल टोचणीनेच मेले अशी अफवा उठली, तेव्हा शोकात असलेल्या बापास छापून खुलासा करावा लागला. आत्मचरित्रात त्याने आईबापांसाठी मुद्दाम लिहून ठेविले आहे की, टोचणीने मूल दगावल्यास आपण स्वतःस क्षमा करणार नाही या भयाने जे ती टाळतात, त्यांना टाळल्याचा पश्चात्तापही तितकाच जाळतो; मग कमी धोक्याची वाट का धरू नये?

१७५९ मध्ये एका टोचणीविषयक पुस्तिकेस प्रस्तावना लिहिताना त्याने याहून बारीक गोष्ट टिपली. आईबापांपैकी एक जण किंवा जवळचा आप्त विरुद्ध असला की दुसरा पुढे सरत नाही. कारण काही बरेवाईट झाले तर जन्मभराचा दोष आपल्या माथी येईल, ही धास्ती असते. असे संकोच समंजस धर्मोपदेशक हळूहळू दूर करू शकतील, असे तो म्हणतो आणि लगेच पैशाकडे वळतो : वैद्याची फी गरिबास परवडत नाही. ‘हळूहळू’ आणि ‘फी’ या दोन गोष्टी त्याला एकापाठोपाठ सुचल्या, यात त्याचा व्यवहारी स्वभाव दिसतो. बॉस्टनमध्ये घडलेही तसेच. १७५२ च्या साथीत तेथे दोन हजारांवर लोकांनी टोचून घेतले. १७६४ मध्ये गरिबांस विनामूल्य सोय झाली तेव्हा सुमारे पाच हजारांनी टोचून घेतले आणि त्यांपैकी ४६ दगावले. डग्लस यांनीही उत्तरायुष्यात टोचणीचा उपयोग मान्य केला होता.

जेन्नरच्या लशीने मरणाचा धोका जवळजवळ नाहीसा केला, तरी आईबापांपुढील प्रश्न तिने मिटविला नाही. उलट त्याला एक नवी बाजू आली, आणि तेथे आपल्या प्रांताचा संबंध येतो. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीस प्रथम टोचण्यात आली. तिच्या हातावरील फोडातून आणखी पाच मुलांस, आणि पुढे मुलांच्या हातांहातांतून ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास येथवर गेली. उष्ण हवेत लस कुपीत टिकत नसे. ती जिवंत ठेवण्यास दर आठ-दहा दिवसांनी नवे मूल लागे. म्हणून बापास दोनदा होकार द्यावा लागे : एकदा आपल्या मुलास टोचू देण्यास, आणि आठवड्याने त्याच दंडावरचा कोवळा फोड फोडून त्यातील लस परक्याच्या मुलास देऊ देण्यास. पहिला होकार दिलेले आईबाप पुष्कळदा दुसऱ्या वेळी अडून बसत. फोड उकरल्याने मुलास इजा होईल, त्याचा गुण जाईल, असे त्यांना वाटे. आणि घेणाऱ्यांच्या बाजूस, कोणाच्या मुलाच्या अंगातले आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा जातीचा प्रश्न उभा राही. मराठीत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ असा शब्द रूढ झाला. रोग तोच देवी, आणि त्यावरचा उपायही देवी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस तयार करण्याची रीत पसरली, तेव्हा परक्याच्या मुलासाठी आपल्या मुलाचा दंड पुढे करण्याची गरज उरली नाही.