दम खाऊ द्या

आमच्या अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीवर कुरनूरचे धरण आहे. एका पावसाळ्यात तिथे मत्स्यबीज सोडताना मी काठावर होतो. पाणी आणि प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टेम्पोतून उतरल्या. घाईतल्या एका तरुणाने पिशवी फोडून बोटुकली थेट धरणात ओतली. थोड्या वेळात त्यातली काही पोट वर करून तरंगू लागली. शेजारचे वयस्क भोईमामा हळहळले, "कविराज, पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची असते. लेकरं घाबरून आलीत. त्यांना दम खाऊ द्यावा."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण 'दम' या शब्दाने मला वाचायला लावले.

मासा जाळ्यात सापडला, की त्याच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून क्षणात ॲड्रेनलिन आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल रक्तात उतरते. त्याने पळायला बळ मिळते. पण ते टिकून राहिले, तर मासा खात नाही, वाढत नाही, रोगाला बळी पडतो. म्हणून ते मोडावेही लागते. हे मोडण्याचे काम विकरांचे.

गंमत अशी, की भीतीचे रसायन आधी सापडले. ते मोडणारे हात नंतर. जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये ॲड्रेनलिनचे स्फटिक जगापुढे आणले. १९२८ मध्ये केंब्रिजला मेरी हेअर यांना यकृतात एक विकर आढळले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले ब्लाश्को आणि त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये दाखवले, की हेच विकर ॲड्रेनलिनही मोडते. दुसरे विकर अमेरिकेत ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी १९५७ मध्ये शोधले. १९७० चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते होते. ही विकरे माशांतही आहेत. कॉर्टिसॉलचे निष्प्रभ कॉर्टिसोन करणारे विकर वेगळे. उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते.

त्याच १९५७ च्या १० जुलैला ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांचे प्रजनन घडवले. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले आणि पिशवीत बसून दूरदूर जाऊ लागले.  प्रवास आला, तशी भीतीही आली.

त्या दिवशीची बोटुकली निव्वळ भीतीने मेली, असे मी म्हणणार नाही. पिशवीतल्या आणि धरणातल्या पाण्याच्या तापमानातला फरकही जीव घेतो. तरंगत्या पिशवीत तो हळूहळू मिटतो. रक्तातले कॉर्टिसॉल ओसरायला मात्र काही तास, कधी दिवसही लागतो. तोवर पुन्हा जाळे नको, हाताळणी नको. विकराला घाई करता येत नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या. तोच तरुण मामांशेजारी उकिडवा बसला होता. आम्ही तिघांनी चहा घेतला, आणि मगच त्याने पहिल्या पिशवीची गाठ सोडली.