साठवणीतल्या रक्ताची कुळकथा

रक्त अंगाबाहेर पडलं की काही मिनिटांत गोठतं. याच गुणामुळे जखमी माणसाचा जीव वाचतो, आणि त्याला दुसऱ्याचं रक्त देण्याच्या वाटेत हाच गुण शंभर वर्षं आडवा आला. लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये माणसाचं रक्त माणसाला दिलं ते पिचकारीनं आणि घाईघाईनं. बाळंतपणात रक्तस्राव होऊन डोळ्यांदेखत दगावणाऱ्या बायकांसाठी त्यांचा हा खटाटोप होता. काही वाचल्या, काही गेल्या. का गेल्या त्याचा एक मोठा उलगडा १९०१ मध्ये झाला, व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवले तेव्हा. गोठण्याचं कोडं मात्र तसंच राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले शल्यचिकित्सक दात्याच्या मनगटातली धमनी रुग्णाच्या शिरेला थेट जोडत. दाता शेजारच्या टेबलावर आडवा, आणि किती रक्त गेलं याचा हिशेब कुणालाच नाही. युद्धाच्या धुमाळीत हे जमण्यासारखं नव्हतं.

म्हणून जखमींना रक्त देण्याची कुळकथा ही मुळात रक्त साठवण्याची कुळकथा आहे. जखमीला काय हवं यापेक्षा कपाटात काय टिकतं, यावरूनच त्याला काय मिळणार ते ठरत आलं.

गोठण्यावरचा उपाय साधा निघाला. सोडियम सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियम मोकळं नसेल तर रक्त गोठत नाही. १९१४ मध्ये ब्रसेल्सचे अल्बेर ह्यूस्टँ आणि ब्युनोस आयर्सचे लुईस आगोते यांनी ते स्वतंत्रपणे माणसांवर वापरलं. न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुईसोन यांनी १९१५ मध्ये रक्त गोठणार नाही आणि रुग्णालाही बाधणार नाही असं प्रमाण बसवलं, ०.२ टक्के. पुढच्याच वर्षी रॉकफेलर संस्थेतल्या पेटन राउस आणि टर्नर यांनी त्यात साखर मिसळली. तांबड्या पेशींना खायला मिळालं आणि सशांचं रक्त थंडीत काही आठवडे टिकलं.

राउस यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले ऑस्वल्ड रॉबर्टसन १९१७ मध्ये अमेरिकी सैन्याचे डॉक्टर म्हणून फ्रान्सला गेले. त्यांनी रक्त लागण्याआधीच घेऊन ठेवलं, तेही फक्त ओ गटाच्या सैनिकांचं, म्हणजे ऐन वेळी गट जुळवत बसायला नको. बाटल्या ठेवल्या दारूगोळ्याच्या पेटीत, भोवती बर्फ आणि लाकडाचा भुसा. नोव्हेंबरमध्ये कॅम्ब्रेची लढाई पेटली तेव्हा ही पेटी आघाडीजवळच्या उपचार केंद्रात पोचली. शस्त्रक्रियाही सोसणार नाही इतक्या खचलेल्या २० जखमींना ते रक्त दिलं गेलं आणि ११ जण वाचले. काही रक्त २६ दिवसांचं होतं. जगातली पहिली रक्तपेढी म्हणून आज याच पेटीचं नाव घेतलं जातं.

शांततेच्या काळात ही युक्ती मागे पडली आणि पुढच्या युद्धानं ती पुन्हा वर काढली. १९३६ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं. बार्सिलोनात फ्रेदेरिक दुरान-जोर्दा यांनी दात्यांच्या याद्या केल्या, ओ गटाचं रक्त काचेच्या बंद भांड्यांत भरलं आणि शीतवाहनांतून आघाडीवर धाडलं. अडीच वर्षांत त्यांच्या सेवेनं सुमारे ९,००० लिटर रक्त पुरवलं. माद्रिदमध्ये हेच काम कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून करत होते. पुढे ते चीनमध्ये गेले आणि १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेच्या संसर्गानं वारले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे पहिले संचालक झाले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर गेलेला हा तरुण १९४२ मध्ये चीनमध्येच वारला.

अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटी इस्पितळात बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्ये साठवणुकीची सोय केली आणि तिला ‘ब्लड बँक’ म्हटलं.

इथवर जखमीला मिळत होतं ते सबंध रक्त. घराणं फुटलं ते दुसऱ्या महायुद्धात. तांबड्या पेशी खाली बसल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा. तो वाळवून भुकटी करता येते, बर्फ लागत नाही, समुद्रापार पाठवता येतो आणि ऐन वेळी शुद्ध पाण्यात कालवून देता येतो. अमेरिकी सैन्यानं सगळा भर त्यावरच दिला. शरीरातलं आकारमान भरून काढलं की पुरे, असा समज होता. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत पोचलेले शल्यचिकित्सक एडवर्ड चर्चिल यांना वेगळं दिसलं. प्लाझ्मा दिलेले जखमी तात्पुरते सावरत आणि टेबलावर घेतले की ढासळत, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी त्यात नव्हत्या. वरिष्ठ ऐकेनात, तेव्हा चर्चिल यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराला गाठून हे छापवून आणलं. ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकेतून युरोपला विमानानं सबंध रक्त जाऊ लागलं.

दुसरी शाखा मिठाच्या पाण्याची. तिचं मूळ जखमांत नाही, पटकीत आहे. १८३१-३२ च्या साथीत विल्यम ओशॉनेसी यांनी तपासून दाखवलं की पटकीच्या रुग्णाच्या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातात. स्कॉटलंडमध्ये लीथच्या थॉमस लट्टा यांनी १८३२ मध्ये ते शिरेतून परत दिले आणि मेल्यात जमा झालेली माणसं उठून बसली. हेच ओशॉनेसी पुढे कोलकात्याला आले आणि भारतातली तारयंत्रणा त्यांनी उभारली. पटकीत अंगातून गेलेलं असतं पाणी, म्हणून तिथे पाणी हेच औषध. ट्रकखाली आलेल्या माणसाच्या अंगातून गेलेलं असतं रक्त. हा फरक पुसट होत गेला १९६० च्या दशकात. अमेरिकेत टॉम शायर्स यांच्या प्रयोगांवरून मत बनलं की मोठ्या रक्तस्रावात पेशींभोवतीचं पाणीही आटतं आणि ते सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटनं भरावं लागतं. बाटलीला ना दाता लागत होता, ना रक्तगट, ना फ्रीज. जखमी आला की दोन लिटर धो-धो सोडायचे, हा जगभरचा शिरस्ता झाला.

त्याआधीच रक्ताच्या बाटलीची पिशवी होऊ लागली होती. कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी १९५० मध्ये प्लास्टिकची पिशवी आणली. एकमेकींना नळीनं जोडलेल्या पिशव्या यंत्रात फिरवल्या की रक्ताचे घटक हवा न लागता वेगळे करता येतात, आणि प्रत्येकाला त्याच्या सोयीचं घर मिळतं. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ४२ दिवसांपर्यंत, प्लाझ्मा गोठवून वर्षभर, प्लेटलेट २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवून जेमतेम पाच दिवस. एका दात्यात तीन रुग्णांचं भागू लागलं. थॅलेसेमियाच्या मुलाला पेशी पुरतात, कर्करुग्णाला प्लेटलेट. पेढीच्या दृष्टीनं हे उत्तमच होतं. फक्त जखमीला हवं ते सबंध रक्त कपाटातून नाहीसं झालं.

धो-धो सलाईनच्या धोक्याची सूचना खरं तर १९१८ मध्येच मिळाली होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम केलेले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी लिहिलं होतं की रक्तस्राव थांबवायची तयारी होण्याआधी रक्तदाब चढवला तर उरलंसुरलं रक्तही वाहून जाईल. बांधाचं खिंडार ओल्या मातीनं बुजवायचं आणि माती धरण्याआधीच वरून पाणी सोडायचं, त्यातलाच प्रकार. हे तपासून पाहायला १९९४ उजाडलं. ह्यूस्टनमध्ये गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ जखमींपैकी काहींना वाटेतच सलाईन दिलं, तर काहींना शस्त्रक्रियागृहात पोचेपर्यंत दिलं नाही. वाट पाहिलेल्यांत ७० टक्के जगले, लगेच दिलेल्यांत ६२. शिवाय थंड सलाईननं शरीर गारठतं, रक्ताची आम्लता वाढते आणि गोठवणारे घटक पातळ होतात. ही तिन्ही एकमेकांना खेचत माणसाला खाली नेतात. २००३ मध्ये लंडनच्या करीम ब्रोही यांनी आणखी एक दाखवलं. गंभीर जखमींपैकी जवळजवळ चौथाई लोकांचं रक्त इस्पितळात पोचतानाच नीट गोठत नसतं, आणि त्याला केवळ सलाईन कारणीभूत नसतं.

मग बगदाद. तिथल्या अमेरिकी लष्करी इस्पितळातल्या २४६ जखमींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पेशींच्या मानानं प्लाझ्मा फार कमी मिळालेल्यांत ६५ टक्के दगावले, जवळपास बरोबरीनं मिळालेल्यांत १९ टक्के. आकडा डोळे दिपवणारा होता, पण त्यात एक गोम होती. प्लाझ्मा वितळवायला वेळ लागतो, म्हणजे तोवर जो तगला त्यालाच तो भरपूर मिळाला. शंका फिटावी म्हणून अमेरिकेतल्या १२ केंद्रांत ६८० जखमींवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चाचणी झाली. २०१५ चा निकाल असा, की प्लाझ्मा, प्लेटलेट आणि पेशी समप्रमाणात दिल्यावर पहिल्या २४ तासांत रक्त वाहून मरणारे ९.२ टक्के होते, कमी प्रमाणात दिल्यावर १४.६. एकूण मृत्यूंतला फरक मात्र योगायोग नाही असं छातीठोकपणे सांगण्याइतका नव्हता.

सगळ्यात भक्कम पुरावा मिळाला तो एका स्वस्त औषधाला. रक्ताची गाठ विरघळू न देणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड १९६० च्या दशकात जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं शोधलं. २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतातली इस्पितळंही होती. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. अट एवढीच, की औषध तीन तासांच्या आत मिळायला हवं. ही कुपी फ्रीजशिवाय कुठल्याही रुग्णवाहिकेत राहते, आणि साठवणुकीची सोय इथे जखमीच्या बाजूनं उभी राहिली.

पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट समप्रमाणात एकत्र करायचे म्हणजे मोडलेलं रक्त पुन्हा जोडायचं, आणि तेही मूळच्यापेक्षा पातळच होतं. मग ते मोडायचंच कशाला? इराक आणि अफगाणिस्तानात निकड पडली तेव्हा सैनिकांचं ताजं रक्त थेट जखमींना दिलं गेलं. त्या अनुभवातून अमेरिकेतल्या आणि नॉर्वेतल्या काही केंद्रांत ओ गटाचं थंड सबंध रक्त परतलं आहे. रॉबर्टसननी पेटीत ठेवलं होतं तेच, फक्त आता दात्याच्या रक्तातली ए आणि बी विरोधी प्रतिपिंडं कमी आहेत ना, हे तपासून घेतात.

‘ओ सगळ्यांना चालतो’ या नियमाचा अपवाद मुंबईत सापडला. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट जाहीर केला. निमित्त झालं ते रक्त जुळत नसलेल्या रुग्णांचं, त्यात एक रेल्वे अपघातातला जखमी होता. या लोकांच्या पेशींवर ओ गटातही असणारा एच घटक नसतो, त्यामुळे ओ रक्तही त्यांना घातक ठरतं. असे लोक भारतात साधारण दहा हजारांत एक असतात. म्हणून आणीबाणीत ओ पिशवी लावतानाही जुळणीचा नमुना आधी काढून ठेवायचा असतो.

सबंध रक्तानं घटकांपेक्षा किती जास्त जीव वाचतात, याच्या चाचण्या चालू आहेत. आपल्याकडे प्रश्न पुराव्याइतकाच वाटपाचा आहे. शिबिरातून आलेली पिशवी मोडायची की सबंध ठेवायची, हे पेढीला काही तासांतच ठरवावं लागतं, कारण उशीर झाला तर तिच्यातून प्लेटलेट निघत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूचे वॉर्ड भरलेले असताना महामार्गावरच्या संभाव्य अपघातासाठी एक पिशवी सबंध राखायची, तर तीन रुग्णांचा वाटा बाजूला काढावा लागतो, आणि अपघात झालाच नाही तर तो बराचसा वाया जातो. प्रत्येक पेढीला हे गणित आपल्या भागातले अपघात, अंतरं आणि दाते पाहून मांडावं लागेल. इतकी वर्षं हा निर्णय फ्रीजच्या सोयीनं होत आला, आता तो जखमांच्या नोंदी हातात घेऊन करता येईल.