गागोद्याचा विनायक आणि नागपूरचा झेंडा

मी रोह्याची. दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, ती बघतच मोठी झाले. मान द्यायचा म्हणजे ताठ उभं राहायचं, हे आम्हा रोहेकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. झेंड्यासाठी मात्र माणसांना आधी चालावं लागलं आणि चालल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं, हे मला पेण तालुक्यात शिक्षिका झाल्यावर कळलं.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, जन्मले. बालपण तिथे आजोबांच्या घरी, मग बडोदा, गांधीजींचा आश्रम आणि १९२१ पासून वर्धा. विनोबा वर्ध्यात असताना, १९२३ साली, नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत, झेंडा घेऊन मिरवणुकीने जायला सरकारने मनाई केली. १ मेपासून सत्याग्रही तिकडे निघू लागले. एक तुकडी पकडली की दुसरी. पुढारी जमनालाल बजाज पकडले गेले, विनोबाही गेले. विनोबा नागपूर आणि अकोल्याच्या तुरुंगात राहिले. देशभरातून माणसं येतच राहिली. शेवटी सूत्रं वल्लभभाई पटेलांच्या हाती आली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली.

तो झेंडा आजचा नव्हे. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यांवर चरखा. २४ आऱ्यांच्या चक्राचा तिरंगा संविधान सभेने स्वीकारला तो २२ जुलै १९४७ रोजी.

शाळेत झेंडावंदनाआधी घडी मी स्वतः घालत असे. आत फुलांच्या पाकळ्या, आणि गाठ अशी की एका झटक्यात सुटावी. चढवायचा झपझप, उतरवायचा सावकाश, असं ध्वजसंहिता सांगते. सकाळी सरपंच, पालक, खाऊ, सगळं असे. संध्याकाळी उतरवायला शिपाई आणि मी. मला ती संध्याकाळच अधिक मोलाची वाटते. तिथे बघणारं कुणी नसतं. तरी कापड जमिनीला लागू द्यायचं नाही, घाई करायची नाही.

१५ ऑगस्टच्या भाषणांत दिल्ली असते, लाल किल्ला असतो, ते योग्यच आहे. पण तीनच दिवसांनी १८ ऑगस्ट येतो. निदान पेण तालुक्यातल्या शाळांनी त्या दिवशी नागपूरचा तो रस्ता आणि त्यापायी तुरुंगात गेलेला आपल्या गागोद्याचा विनायक मुलांना सांगावा.