बूट घालायचे कोणी, पुसायचे कोणी

१८६२ साली माणकजी कावसजी एंटी हे सुरतेच्या फौजदारी अदालतीत असेसर होते. सत्र न्यायाधीशाने त्यांना सांगितलं, जोडे काढून आत या. वरिष्ठांपुढे जोडे काढणं ही तुमचीच रीत आहे, असा साहेबाचा युक्तिवाद. माणकजी बधले नाहीत. त्यांना कोर्टात येण्यापासून रोखलं, तेव्हा त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरला निषेधाचं पत्र धाडलं. आपण घरात किंवा देवळात जोडे काढतो त्याची कारणं वेगळी, कोर्ट म्हणजे ना घर ना देऊळ, असं त्या काळी या वादात हिंदी लोक म्हणत.

हा नियम कडक झाला तो लॉर्ड डलहौसीच्या काळात. सरकारी कचेरीत शिरताना हिंदी माणसाने पायातलं काढायचं. सूट फक्त युरोपीय पोशाख घालणाऱ्याला. डलहौसी म्हटलं की आपल्याला आगगाडी आठवते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. त्याच साहेबाच्या राज्यात वहाणा घालणारा बाहेर आणि बूट घालणारा आत, अशी वाटणीही पक्की झाली. बूट ही चैन राहिली नाही, तो एक प्रवेशपास झाला. आणि पास मळका असून चालत नाही.

आता यातली गोम बघा. साहेबाने जे सुशिक्षित हिंदी माणसाला करायला लावलं, ते इथल्या वरच्या जातींनी दलितांना किती पिढ्या करायला लावलं होतं! सवर्णांच्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात धरायचं. ज्याने वहाण शिवली त्यालाच ती घालून गावातून मिरवता येत नव्हती. ‘शू रिस्पेक्ट’वर संतापलेल्या किती जणांना हे साम्य दिसलं असेल, मला शंकाच आहे.

चामड्याचं ज्ञान मात्र त्याच हातांत होतं. गावगाड्यात कातडं कमावायचं ढोरांनी आणि शिवायचं चांभारांनी. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरायचं. साल आणि हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून ठेवतं, म्हणून ते कुजत नाही. कोल्हापुरी आजही याच पद्धतीच्या चामड्याची. पण गावाचा खरा जीव अडकलेला असे तो मोटेत. विहिरीतून पाणी उपसणारी ही चामड्याची पिशवी रोज भिजायची आणि रोज वाळायची. चामड्याला याहून वाईट काही नाही. पाणी सुकताना आतली स्निग्धता सोबत घेऊन जातं, तंतू एकमेकांना चिकटतात, आणि मग वाकवलं की तडा जातो. उपाय तेलाचा, करंजाच्या किंवा एरंडाच्या. आज दुकानात ‘लेदर कंडिशनर’ म्हणून छोटी बाटली मोठ्या किमतीला मिळते. तिचं काम तेच, फक्त वास बरा असतो.

बुटाचं चामडं निराळं निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत क्रोम टॅनिंगचे प्रयोग केले. क्रोमियमच्या क्षाराने आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं आणि चामडं मऊ, पातळ, पाण्याला जरा जास्त टिकाव धरणारं झालं. १९०६ मध्ये मेलबर्नला विल्यम रॅमसेने ‘किवी’ पॉलिश बाजारात आणलं. रॅमसेची बायको न्यूझीलंडची, म्हणून डबीवर तिकडचा पक्षी. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांवरून ती डबी जगभर फिरली.

फौज आणि बूट यांचं नातं आपल्याकडे जातीतून जातं. महार समाजाच्या कित्येक पिढ्या लष्करात होत्या. पायात सरकारी बूट, अंगात गणवेश, मुलांना पलटणीच्या शाळेत शिक्षण. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, ते याच वाटेने. १८९० च्या दशकात ही भरती बंद झाली. गोपाळबुवा वलंगकर, जे स्वतः निवृत्त सैनिक होते, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. भरती बंद होणं म्हणजे नुसता पगार जाणं नव्हतं. गावात परतलेल्या पेन्शनरच्या पायातल्या बुटांमागे सरकार उभं असे, तो आधारच गेला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. १९४३ मध्ये चमार रेजिमेंटही उभारली आणि १९४६ मध्ये ती मोडूनही टाकली. जोडे शिवणाऱ्यांच्या नावाची पलटण जेमतेम तीन वर्षं टिकली.

त्याच युद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये जागेचं नाव झालं उल्हासनगर. जुनी माणसं अजून ‘कॅम्प’च म्हणतात, आणि भाग मोजतात तेही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच.

लष्करी पॉलिशची पद्धत साधी वाटते. फडक्याला मेण, त्यावर पाण्याचे थेंब (किंवा थुंकी, म्हणून ‘स्पिट पॉलिश’), आणि बोटाने गोल गोल घासायचं, थरावर थर. मेण चामड्याचे बारीक खड्डे भरतं, पृष्ठभाग सपाट होतो, आणि प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परततो. पण ही चकाकी वरवरची असते. मेण चामड्यात मुरत नाही. पॉलिशवर पॉलिश चढवत गेलं की बोटांजवळ, जिथे बूट वाकतो, तिथे तो कवच फुटल्यासारखा भेगाळतो. म्हणून अधूनमधून जुनं मेण ओल्या फडक्याने आणि थोड्या साबणाने काढायचं, बूट सावलीत वाळवायचा, मग थोडंसं तेल किंवा क्रीम जिरवायचं आणि पॉलिश सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात आपल्याकडे दुसरी चूक हमखास होते. भिजलेला बूट उन्हात किंवा फ्रीजच्या मागे गरम हवेत ठेवतात. त्यापेक्षा आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली सोडा. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा.

हे सगळं ज्याला तोंडपाठ असतं, तो माणूस आपल्या रोजच्या रस्त्यात बसलेला असतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण स्टेशनांवरून कचेरीला जाणाऱ्या कारकुनांच्या पिढ्यांनी बूट चमकवले ते लाकडी पेटीवर पाय ठेवून. पेटीवर ब्रशची टकटक, दुसऱ्या पायाची खूण म्हणून पुन्हा टकटक. मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर हे काम रेल्वेच्या परवान्याने, सहकारी संस्थांमार्फत चालत आलं आहे. १९५४ मध्ये आलेल्या ‘बूट पॉलिश’ सिनेमात दोन अनाथ पोरं भीक सोडून पॉलिशची पेटी धरतात. त्यांना आधार देणारा जॉन चाचा म्हणजे डेव्हिड, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. त्याच समाजाचं १८७९ चं सिनेगॉग ठाण्यात आजही आहे. नव्या देशात कष्टाला प्रतिष्ठा हवी, हा सिनेमाचा सूर. सूर छान आहे, फक्त ते कष्ट एरवी कोणाच्या वाट्याला येतात हे सिनेमा विचारत नाही.

डोंबिवलीत साठच्या दशकात एमआयडीसी आली आणि बुटाची तिसरी जात आली, सेफ्टी शूज. पुढे पोलादी टोपी, आणि भारतीय मानक आयएस १५२९८ प्रमाणे त्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा. म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. वरचं चामडं मात्र मोटेसारखंच जगतं: घाम, पाणी, तेल, पुन्हा पाणी. आम्ल सांडलं तर पॉलिशचा उपयोग नाही, ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावं लागतं, आणि जिथे आम्ल रोजचंच आहे तिथे चामडं नकोच, रबरी गमबूट हवा.

या बुटांत एक नवा दोषही आहे. तळवा बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. दमट हवेत त्याच्या काही प्रकारांची साखळी पाण्याने हळूहळू तुटत जाते. कपाटात दोन-तीन पावसाळे जपून ठेवलेला बूट एक दिवस घालून निघावं, तर तळव्याचा चुरा. वरचं चामडं तेल लावून नव्यासारखं, खाली काहीच नाही. असा बूट न वापरल्यामुळे मरतो. साठवण्यापेक्षा घालून झिजवलेला परवडला.

स्टेशनावरची पेटीही बदलली आहे. आयटीवाल्यांच्या पायात आता स्पोर्ट शूज, त्यांना काळी डबी लागत नाही. माझ्या ऑफिसात पॉलिश केलेला बूट दिसला की त्या माणसाचा इंटरव्ह्यू आहे असं आम्ही समजतो. पेटीत चेरी ब्लॉसमशेजारी आता सोल चिकटवायचा डिंक असतो, जाड दोरा आणि आरी असते. सुटलेला सोल चारही बाजूंनी शिवून मिळतो. तेवढं काम होईपर्यंत तुम्ही त्याने दिलेली रबरी सपाता घालून फलाटावर उभे राहता.