कागदी पुत्र आणि कबुलीजबाब : अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांच्या असत्य निवेदनांचा उत्तरकाल

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दाखल झालेल्या चिनी पुरुषांपैकी फार मोठा वर्ग कागदोपत्री दुसऱ्याच कोणाचा तरी पुत्र होता. बंदरावरील अधिकाऱ्यापुढे त्याने सांगितलेले आडनाव, बापाचे नाव, भावंडांची संख्या, क्वचित जन्मगावही, यांपैकी बरेचसे विकत घेतलेले असे. या वर्गास ‘कागदी पुत्र’ अशी संज्ञा मिळाली. त्यांनी प्रवेश कसा मिळविला याची हकीकत मनोरंजक असल्यामुळे ती वारंवार सांगितली जाते. त्या असत्याची किंमत तीस-चाळीस वर्षांनंतर कोणी, कशी आणि किती चुकती केली, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतो. वस्तुतः इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा भाग तोच होय.

असत्याचे मूळ कायद्यात शोधावयास हवे. ६ मे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी केली, व चिनी माणसास नागरिकत्व देण्याचीही मनाई केली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी व प्रवासी एवढेच अपवाद राहिले. १८९२ व १९०२ मध्ये बंदीची मुदत वाढविण्यात आली आणि १९०४ मध्ये मुदतीची अटच काढून टाकण्यात आली. मजुरास एक फट तेवढी उरली, ती जन्माची. घटनेच्या १८६८ मधील चौदाव्या दुरुस्तीनुसार अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला मनुष्य नागरिक ठरतो, व हे तत्त्व चिनी मातापित्यांच्या अपत्यासही लागू आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क याच्या खटल्यात दिला. नागरिकाचे परदेशी जन्मलेले मूलही, बापाचे पूर्वी अमेरिकेत वास्तव्य झालेले असल्यास, नागरिक मानले जाई. म्हणजे ज्या समाजाला श्रम, धन वा योग्यता यांच्या बळावर प्रवेश नव्हता, त्याला केवळ रक्ताच्या नात्यावर तो मिळू शकत होता. ज्या एकाच नाण्यावर दार उघडते ते नाणे खोटे पाडले जाणार, यात आश्चर्य ते काय?

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात व त्यामागून लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्मनोंदींचे दप्तर जळाले आणि स्थानिक जन्माचा दावा खोडून काढणे अवघड झाले. तथापि ही प्रथा भूकंपाने जन्माला घातली असे जे सांगितले जाते ते अतिशयोक्त होय. जन्मसिद्ध नागरिकत्वाचे दावे साक्षीदारांच्या तोंडी पुराव्यावर न्यायालयांतून मान्य करून घेण्याचा प्रघात १८९० च्या दशकातच रूढ झाला होता. भूकंपाने फक्त त्याचा विस्तार सुकर केला.

व्यवहाराची रीत सरळ होती. नागरिक ठरलेला पुरुष काही वर्षांनी चीनमध्ये जाऊन येई आणि परतताना आपणास पुत्र झाल्याची नोंद करी. पुत्र खरोखर झालेला असो, नसो, वा कन्या झालेली असो. नोंदीमुळे भविष्यकाळी एका मुलास येण्याची जागा निर्माण होई. ही जागा पुढे भाच्यापुतण्यास, गावकऱ्यास किंवा दलालामार्फत परक्यास दिली जाई. वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे १०० डॉलर असा भाव सांगितला जात असे. येणाऱ्यांपैकी बहुसंख्य क्वांगतुंग प्रांतातील तैशान व त्याच्या शेजारच्या परगण्यांतले असल्यामुळे खरीददार आणि विक्रेता यांच्यात ओळखीचा धागा बहुधा असेच.

सरकार या प्रकाराविषयी अनभिज्ञ नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० पासून १९४० पर्यंत जे स्थानक चालले, तेथील चौकशी याच संशयावर उभारलेली होती. कागद नसल्यामुळे अधिकारी स्मृतीची परीक्षा घेत. घरापासून विहीर किती अंतरावर आहे, तांदळाचे पिंप कोणत्या खोलीत असते, गल्लीत घरे किती, तिसऱ्या घरात कोण राहते, दाराला पायऱ्या किती, आजी कोणत्या साली वारली, असे शेकडो प्रश्न मुलास विचारले जात. तेच प्रश्न बापास व साक्षीदार भावांस स्वतंत्रपणे विचारून उत्तरे ताडून पाहिली जात. या परीक्षेसाठी शिकवणीच्या वह्या तयार होत. बोटीवर त्या पाठ करावयाच्या आणि बंदर दिसू लागले की समुद्रात टाकून द्यावयाच्या, असा क्रम असे. चौकशी लांबली तर उमेदवार आठवडे, महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ बेटावर अडकून पडे. शिवाय १९०५ च्या जू टॉय निर्णयानंतर, येणारा मनुष्य स्वतःस नागरिक म्हणवीत असला तरी खात्याचाच निर्णय अंतिम मानला जाऊ लागला, आणि न्यायालयाचे दार जवळजवळ बंद झाले.

या पद्धतीचा एक विपरीत परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रश्न इतके बारीक होते की खरा पुत्रही वही पाठ केल्यावाचून उत्तीर्ण होण्याची खात्री नव्हती. ज्याला विहिरीचे अंतर आठवत नाही असा खरा मुलगा परत पाठविला जाई, आणि पाठांतरात पक्का असलेला खोटा मुलगा आत येई. ज्याच्या नावाने जन्मसिद्ध नागरिकत्वाचा सिद्धान्त प्रस्थापित झाला त्या वाँग किम आर्कच्या ज्येष्ठ पुत्रासही १९१० मध्ये प्रवेश नाकारण्यात आला, कारण पितापुत्रांच्या उत्तरांत विसंगती आढळली.

प्रवेशानंतर असत्य संपत नसे. खरे पाहता ते तेथून सुरू होई. खात्याच्या दप्तरी प्रत्येकाची फाइल असे. पुढे चीनला जाताना, परतताना, पत्नीस वा मुलास आणताना, अगर कागदी भावाच्या बाजूने साक्ष देताना, मूळ जबाबाशी जुळेल असेच बोलावे लागे. विशीतील तरुणाने दिलेली उत्तरे पन्नाशीतील दुकानदारास बांधून ठेवीत. घरात एक आडनाव आणि शाळेत दुसरे, अशा स्थितीत मुले वाढत. चिनी कुलसंघांत मात्र सर्वांना एकमेकांचे खरे कूळ ठाऊक असे, आणि गौप्य हे त्या समाजाच्या ऐक्याचे एक बंधनच होऊन बसले होते. डिस्नेच्या ‘बँबी’ या चित्रपटाच्या निसर्गदृश्यांना ज्याने रूप दिले तो चित्रकार टायरस वाँग १९२० साली वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास असाच परक्या नावाने एंजल बेटावर उतरला होता.

१९४३ मध्ये बहिष्काराचे कायदे रद्द झाले व चिनी लोकांस नागरिकत्व मिळू लागले. वार्षिक कोटा मात्र अवघा १०५ ठेवण्यात आला. इतक्या अरुंद दारामुळे जुनी वाट चालूच राहिली. १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली, पुढल्याच वर्षी कोरियात अमेरिकन व चिनी सैन्ये एकमेकांसमोर उभी ठाकली, आणि कालपर्यंत जी गोष्ट केवळ फसवणूक होती ती राष्ट्रीय सुरक्षिततेचा प्रश्न बनली. हाँगकाँग येथील अमेरिकन वकिलातीने अर्जदारांच्या रक्तगटांची तपासणी सुरू केली. रक्तगटावरून अमुक मनुष्य अमुक मुलाचा पिता नाही एवढेच कधी कधी सिद्ध होते, पितृत्व सिद्ध होत नाही; आणि ही तपासणी केवळ चिनी लोकांचीच होते, अशी तक्रार न्यायालयांपुढे आली. डिसेंबर १९५५ मध्ये तेथील महावाणिज्यदूत एव्हरेट ड्रमराइट यांनी एक प्रदीर्घ अहवाल वॉशिंग्टनला पाठविला. कागदी नात्यांची पद्धत साम्यवादी हेरांना उपयुक्त ठरेल, हा त्यातील मुख्य युक्तिवाद होता. १९५६ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोतील कुलसंघांना त्यांची सर्व दप्तरे ग्रँड ज्युरीपुढे हजर करण्याचे समन्स बजावण्यात आले. एखाद्या समाजाचे समग्र दप्तर अशा रीतीने मागविणे गैर होय, असे ठरवून संघीय न्यायाधीशाने मार्चमध्ये ते समन्स रद्द केले. तोवर चिनी वस्तीत धास्ती पसरून गेली होती.

बळाने जे साधले नाही ते समजुतीने साधण्याचा प्रयत्न म्हणजे १९५६ मध्ये सुरू झालेली कबुलीजबाबाची योजना. तिला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. ती खात्याची प्रशासकीय व्यवस्था होती. मनुष्याने आपले खरे नाव व खरे आईबाप सांगावेत, असत्याने मिळविलेला नागरिकत्वाचा दावा सोडावा, पासपोर्ट परत करावा. मग दीर्घ वास्तव्य, सैन्यातील सेवा किंवा नागरिक असलेली पत्नी वा अपत्य अशा एखाद्या आधारावर त्याचे वास्तव्य नियमित करून घेता येईल, असे तिचे स्वरूप होते. ‘येईल’ हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. अभयाचे वचन कोणी दिलेले नव्हते. कबुली देणारा मनुष्य सही करताच नागरिकाचा परदेशी होई, आणि पुढील निर्णय खात्याच्या मर्जीवर राही.

त्याहून बिकट अट दुसरी होती. स्वतःविषयीचे सत्य सांगावयाचे म्हणजे दोन्ही कुटुंबांची, खऱ्या आणि कागदी, संपूर्ण वंशावळ लिहून द्यावी लागे. तेव्हा एकाची कबुली ही दहा जणांविरुद्धची साक्ष ठरे. ज्या कागदी बापाने तीस वर्षांपूर्वी नाव दिले तो वृद्ध झालेला. ज्या कागदी भावाने साक्ष दिली त्याची मुले अमेरिकेत जन्मलेली. त्यांतील एकास बोलावयाचे असेल व दुसऱ्यास नसेल तर काय करावे? पुष्कळ घराण्यांत यावर बैठका झाल्या, काही ठिकाणी सर्वांनी मिळून कबुली दिली, काही ठिकाणी घरे फुटली. प्रसिद्ध आकड्यांनुसार योजनेच्या काळात सुमारे १४ हजार लोकांनी कबुली दिली, त्यातून २२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती उघड झाली आणि ११ हजारांवर रिकाम्या जागा बंद झाल्या. १९६० च्या जनगणनेत अमेरिकेतील चिनी लोकसंख्या २,३७,२९२ होती. तेव्हा कबुली देणारे सहा टक्क्यांच्या आसपास भरतात. अवशिष्टांपैकी कितीतरी कागदी पुत्रांनी मौनच पसंत केले, हे उघड आहे.

बहुतेक कबुलीदारांना देशात राहू देण्यात आले, ही वस्तुस्थिती योजनेच्या समर्थनार्थ पुढे केली जाते व ती खरीही आहे. परंतु सर्वांना एकच न्याय लागला नाही. ज्यांच्यावर डावेपणाचा संशय होता अशा तरुण संघटनांच्या सदस्यांविरुद्ध, हस्तधुलाईवाल्यांच्या संघाच्या कार्यकर्त्यांविरुद्ध, नातेवाइकांच्या कबुल्या पुरावा म्हणून वापरण्यात आल्या. काहींचे नागरिकत्व गेले, काहींवर फौजदारी खटले झाले. गुन्हा सर्वांचा एकच, आणि शिक्षा मात्र राजकीय मतानुसार, असे चित्र येथे दिसते. जुने असत्य हे राज्यसंस्थेच्या हाती राखून ठेवलेले शस्त्र बनते. ते कधी उचलावयाचे हे ती आपल्या सोयीने ठरविते.

सत्यवादी अर्जदार तरी सुरक्षित होते काय? याच राष्ट्राने १९२३ च्या भगतसिंग थिंड निर्णयानंतर, काहीही न लपविता नागरिक झालेल्या भारतीयांवर नागरिकत्व रद्द करण्याचे दावे लावले. लॉस एंजलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. त्यांनी आपला दावा स्वतः लढविला, १९२६ मध्ये अपील न्यायालयात तो जिंकला, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील वर्षी हस्तक्षेप नाकारला. इतर अनेकांचे नागरिकत्व मात्र गेले. त्यांच्या अर्जात वांशिक पात्रतेवाचून काहीच उणे नव्हते.

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने परिस्थितीस अनपेक्षित वळण दिले. राष्ट्रवार कोटे जाऊन कौटुंबिक नात्यास प्राधान्य आले. नागरिकाला आपल्या भावाबहिणींस बोलावता येऊ लागले. आता खऱ्या नात्यास किंमत आली, आणि कागदी पुत्राच्या दप्तरी खरा भाऊ नव्हताच. जो कबुली देऊन मोकळा झाला होता त्याला आपले खरे आप्त आणण्याचा मार्ग खुला झाला. जो गप्प राहिला त्याला कायदेशीर भाऊ होते ते परके, आणि रक्ताचे होते ते कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

न्यायतत्त्वाच्या बाजूने दोनच निर्णयांचा उल्लेख पुरे. कुटुंब अमेरिकेत असलेल्या व असत्याने व्हिसा मिळविलेल्या परदेशीयास हद्दपारीतून सूट देणारे कलम १९५७ मध्ये आले व १९६१ मध्ये नव्या रूपात पुढे चालू राहिले. १९६६ च्या एरिको निर्णयाने त्याचा अर्थ उदारपणे लावला. १९७५ च्या रीड निर्णयाने मात्र, स्वतःस नागरिक म्हणवून आत आलेल्यास ही सूट नाही, असे ठरविले. कागदी पुत्रांचा दावा नेमका याच प्रकारचा होता.

संशोधकापुढील अडचण अखेर साधनचिकित्सेची आहे. एंजल बेटावरील जबाबांच्या फायली आज कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात उपलब्ध आहेत. वतनाच्या तंट्यातील महजर व करीने हाताळणाऱ्या अभ्यासकास येथे एक परिचित पेच नव्या रूपात दिसेल. कागद अस्सल आहे, सही अस्सल आहे, तारीख बिनचूक आहे. बाह्य चिकित्सेत दोष सापडत नाही, आणि आतील वंशावळ संपूर्ण बनावट असू शकते. उलट पक्षी जबाबांतील घरांची मांडणी, गल्ल्यांचे नकाशे, विहिरी, शाळा व बाजार यांची वर्णने पुष्कळदा खऱ्या गावांची आहेत, कारण विसंगती टाळावयाची तर वही प्रत्यक्ष गाव पाहूनच तयार करावी लागे. कबुलीची जोडफाइल उपलब्ध असेल तेथे दोन्ही वंशावळी समोरासमोर ठेवता येतात. ती नसेल तेथे थडग्यांवरील लेखांचा उपयोग होतो: कित्येक ठिकाणी इंग्रजीत कागदी आडनाव कोरलेले असते, आणि त्याच दगडावर चिनी लिपीत खरे.