बरिशालच्या तोफा

इंग्रजी 'गन'ला मराठीत बंदूक म्हणायचे की तोफ, हा प्रश्न अनुवादकाला सहसा फार वेळ अडवत नाही. संदर्भ पाहिला की उत्तर मिळते. 'बरिशाल गन्स' या दोन शब्दांपाशी मात्र मी बरेच दिवस अडून बसले. तिथे बंदूक नव्हती आणि तोफही नव्हती. होता तो नुसता आवाज, आणि तो कशाचा हे आजही ठरलेले नाही.

बरिशाल हे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातले गाव, जुन्या बाकरगंज जिल्ह्याचे मुख्य ठाणे. आज ते बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या, गाळाची बेटे आणि दक्षिणेला बंगालचा उपसागर. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना शांत हवेत दक्षिणेकडून दूरवर तोफा डागल्यासारखे आवाज ऐकू येत. 1870 च्या सुमारास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत त्यांवर चर्चा झाली. बाकरगंजचे जिल्हाधिकारी राहिलेल्या हेन्री बेव्हरिज यांनी 1876 मध्ये जिल्ह्याचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही या आवाजांना जागा मिळाली. लंकेत रावणाच्या महालाचे दरवाजे उघडतात-मिटतात, त्याचा हा आवाज, असे तिथले लोक सांगत.

मी अनुवादाला घेतले होते ते 1896 चे एक पत्र. आदल्या वर्षी 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात जॉर्ज डार्विन यांनी या आवाजांचा विषय काढला होता. हे चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव, भरती-ओहोटीचे मोठे अभ्यासक. त्या चर्चेत जी. बी. स्कॉट नावाच्या गृहस्थांनी आपला अनुभव कळवला. डिसेंबर 1871 मध्ये ते सुंदरबनातून आगबोटीने आसामकडे चालले होते. दिवसभर यंत्राच्या धडधडीत दुसरे काही ऐकू येत नसे. रात्री बोट एखाद्या अरुंद खाडीत नांगरली, की भोवती मैलोगणती गवत, पाण्याची चुळबुळ, काठाची माती ढासळून पाण्यात पडल्याचा आवाज, आणि मधूनच दूरवर तो दबका दणका. कधी एक, कधी लागोपाठ दोन-तीन. आपल्याला तोफा ऐकू येताहेत असे ते बोटीवरच्या एका वृद्ध बाईंना म्हणाले, तेव्हा त्या बाईंनी त्यांना सांगितले, की या इथल्या प्रसिद्ध बरिशालच्या तोफा.

या वाक्याशी मी थांबले. स्कॉट यांच्या मनात तोफ आधीच होती; बाईंनी तिला नाव-गाव दिले. ज्याने आयुष्यात तोफ ऐकली आहे, त्याला दूरचा दणका तोफेचा वाटणार. ज्याच्या घरी रामायण ऐकले-सांगितले जाते, त्याला लंकेचे दरवाजे ऐकू येणार. 'गन' काय आणि रावणाचा महाल काय, दोन्ही ऐकणाऱ्याच्या घरातून आलेले. त्यातले एक अहवालांत शीर्षक झाले आणि दुसऱ्याची नोंद लोकसमजूत म्हणून झाली, एवढाच फरक.

जगभर हेच दिसते. बेल्जियमच्या किनाऱ्यावर धुक्याच्या, शांत दिवशी असे आवाज येत. तिथले त्यांना म्हणत 'मिस्टपुफर', मराठीत सांगायचे तर धुक्याचे ढेकर. इटलीत नाव पडले 'ब्राँतिदी', म्हणजे मेघगर्जनेसारखे. जपानी शब्द 'उमिनारी', समुद्राचा नाद. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवरावर पुन्हा तोफच. जेम्स फेनिमोर कूपर यांनी 1850 मध्ये त्यावर कथा लिहिली. धुके, आभाळ, समुद्र, तोफ. नाव ठेवताना माणसाने कारणाचाही अर्धा निकाल देऊन टाकलेला असतो.

स्कॉट यांच्या पत्रातली खरी ठिणगी पुढे आहे. बरिशालच्या आवाजांचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होते उपसागराच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या प्रचंड लाटांचे. पण 1874 च्या सुमारास गारो टेकड्यांच्या बाजूला काम करताना, चिलमारीजवळ, त्यांना तसेच आवाज ऐकू आले. समुद्र तिथून सुमारे 300 मैलांवर. इतक्या आत लाटांचा आवाज कसा पोहोचणार? मग इतर तर्क उरतात. अनेक किलोमीटर जाडीच्या गाळात अडकलेला वायू उसळून सुटत असेल. अगदी उथळ, लहान भूकंप होत असतील. किंवा दूरचा आवाज हवेच्या वरच्या थरांतून वळून भलतीकडेच उतरत असेल. हा शेवटचा तर्क कल्पनेतला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या तोफा इंग्लंडात ऐकू येत आणि मधल्या पट्ट्यात शांतता असे.

काही ठिकाणचे कोडे सुटलेही आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मूडस गावाचे आवाज उथळ सूक्ष्म भूकंपांचे, हे उपकरणांनी दाखवले. उलट त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या 'सेनेका गन्स' म्हटल्या जाणाऱ्या आवाजांच्या वेळा 2020 मध्ये संशोधकांनी भूकंपमापकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा भूकंप सापडला नाही. रोख हवेकडे वळला. म्हणजे एकसारख्या ऐकू येणाऱ्या आवाजांचे कारण एकच असेल असे नाही. बरिशालला मात्र योग्य वेळी योग्य उपकरण नव्हते. तिथे होते फक्त कान, आणि विसाव्या शतकात त्या कानांच्या नोंदीही विरळ होत गेल्या.

हे सगळे जुन्या कागदांतले म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा विषय परका नाही. 'भूगर्भातून गूढ आवाज' हा मथळा मराठवाड्याच्या बातम्यांत वरचेवर येतो. सप्टेंबर 2022 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात, हासोरी गावात असे आवाज येऊ लागले. फेब्रुवारी 2023 मध्ये लातूर शहरात आवाज ऐकू आला, पण भूकंपमापन केंद्रांवर काही नोंदले गेले नाही. याच जिल्ह्यात किल्लारी आहे. तिथे 1992 पासून लहान धक्के जाणवत होते आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गेली. चिलमारी आणि गारो टेकड्यांच्या त्या प्रदेशालाही 12 जून 1897 च्या महाभूकंपाने हादरवले होते. स्कॉट यांनी ऐकलेल्या आवाजांशी त्याचा संबंध जोडता येत नाही, आणि लातूरच्या प्रत्येक दणक्यामागे भूकंप आहे असेही नाही. पण ज्याने 1993 पाहिले, त्याच्या कानात तोफ नसते, रावणाचा दरवाजाही नसतो. त्याच्या कानात घराची भिंत असते. आज रात्री घरात झोपायचे की अंगणात, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

म्हणून मराठी मथळ्यातला 'गूढ' हा शब्द मला आता पूर्वीइतका उथळ वाटत नाही. तो सनसनाटी आहे खरा, पण कारण माहीत असल्याचा आव तरी आणत नाही.

अनुवादात शेवटी मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. नाव आले तिथे 'बरिशालच्या तोफा' असेच लिहिले. ते नाव आता इतिहासाचे आहे, माझ्या हातात नाही. पण स्कॉट स्वतः अंधारात कान देऊन बसलेले आहेत, तिथे त्यांच्या उपमेतली तोफ उपमाच राहू दिली आणि मूळ आवाजासाठी लिहिले, 'दबका दणका'. काय ऐकले आणि कशासारखे वाटले, यांत तेवढे अंतर राहिले पाहिजे. उद्या कुणाला त्या आवाजाचे कारण सापडलेच, तर ते त्या अंतरातच सापडेल.